मी न लावलेले रीळ

आपल्या मराठी मंडळाच्या गेल्या दिवाळी अंकात सेक्टर २ मधल्या वसंतरावांनी भिलाईच्या जुन्या टॉकीजांवर एक लेख लिहिला. भाषा सुरेख आहे आणि आठवणीही बऱ्याचशा खऱ्या आहेत. मात्र एका परिच्छेदात ते लिहितात की कैंप-१ या कामगारवस्तीतल्या टॉकीजमध्ये बेकार झालेल्या एका कामगाराच्या कुटुंबावरचा चित्रपट ते पाहत होते, ऐन शेवटाला पडदा पांढरा पडला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि ऑपरेटर बहुधा शुद्धीत नसावा.

तो ऑपरेटर मी. एकतीस वर्षे त्या टॉकीजच्या मशीनवर मी उभा होतो. पडदा पांढरा पडला हे खरे आहे. शुद्धीचे म्हणाल, तर पंचशीलातले पाचवे, दारू न पिण्याचे शील मी तरुणपणी वडिलांच्या देखत घेतले आणि आजवर मोडलेले नाही. वसंतराव बाल्कनीत बसले होते, मी केबिनमध्ये होतो. बाल्कनीतून पडदा दिसतो, केबिन दिसत नाही. तेव्हा केबिनमध्ये काय घडले ते मीच सांगणे योग्य.

या प्रसंगाच्या आणखी दोन हकिगती कैंपात अजून फिरतात. आमचे मॅनेजर सांगत की शेवटचे रीळ जळाले होते. पानठेल्यावरचे लोक सांगत की कंपनीने एकाच पिक्चरचे दोन शेवट पाठवले होते. रीळ जळाले नव्हते आणि पिक्चरला शेवट एकच होता. गडबड मी केली होती, आणि जाणूनबुजून केली होती.

आता बाहेरच्या वाचकांसाठी थोडे धंद्याचे. आज सिनेमा एका डब्यातून येतो आणि बटण दाबले की सुरू होतो. आमच्या काळी तो लोखंडी पेट्यांतून येई, गोल गोल रिळांमध्ये. एक रीळ दहा मिनिटांचे. केबिनमध्ये शेजारी शेजारी दोन मशीने असत. आम्ही दोन-दोन रिळे जोडून एका चकतीवर चढवत असू. एका मशीनवरची जोडी संपत आली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, एक काळा ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसताच दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो. त्या क्षणी इकडचा उजेड बंद आणि तिकडचा सुरू. प्रेक्षकाला सांधा कळता कामा नये. आपण आयुष्यभर सिनेमे पाहिलेत आणि तो ठिपका कधी पाहिला नसेल, तर माझ्यासारख्यांनी आपले काम नीट केले असे समजावे.

दिवा म्हणजे कार्बनच्या दोन काड्या. त्यांच्या टोकांमध्ये ज्योत नाचते आणि तिचाच उजेड पडद्यावर जातो. काड्या जळत जातात, तशा त्या हाताने पुढे सरकवत राहायच्या. म्हणजे एक डोळा ज्योतीवर आणि एक डोळा झरोक्यातून पडद्यावर. तिसऱ्या कशावर ठेवायला डोळा उरत नाही. माझी चूक झाली ती इथेच, पण ती पुढे येईल.

नवे राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. औद्योगिक वसाहतीतली एक रोलिंग मिल बंद पडली. मोठ्या पोलाद प्लँटशी तिचा संबंध नव्हता. प्लँटच्या लोकांना क्वार्टर होते, बाग होती, दवाखाना होता. या मिलच्या लोकांना एके सकाळी गेटवर कागद चिकटवलेला दिसला, तेवढेच. त्यांच्यात आमच्या गल्लीतला नामदेव होता. त्याचे आणि माझे वडील भंडाऱ्याकडून एकाच गाडीने इथे आले, प्लँट बांधताना एकाच खड्ड्यातली माती दोघांनी उपसली. नामदेव मिलमध्ये चिमट्यावर होता. यंत्रातून लाल सळई सापासारखी बाहेर येते, ती लांब चिमट्याने तोंडाशी धरायची, वळवायची आणि पुढच्या खाचेत घालायची. क्षणाची चूक झाली तर पाय जातो. अठरा वर्षांत नामदेवच्या हातून एक सळई सुटली नव्हती. ऑपरेटरला अशा माणसाची किंमत कळते.

मिल बंद झाल्याचे त्याने घरी सांगितले नाही. सकाळी आठला तो डबा घेऊन सायकलवर निघे आणि वसाहतीतल्या एकेका गेटवर विचारत फिरे. दुपारी बारापर्यंत गेटवरची माणसे आत जात, चौकीदार तोंड फिरवत, आणि जायला जागा उरत नसे. एकदा टॉकीजच्या मागच्या भिंतीच्या सावलीत तो मला दिसला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "भाऊ, घरी सांगू नोको."

त्याला तिकीट विचारू नकोस म्हणून मी गेटकीपरला सांगून ठेवले. त्या दिवसापासून नामदेव रोज बाराच्या शोला चौथ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसू लागला. इंटरव्हलमध्ये डबा खाई आणि सुटीच्या वेळेला घरी जाई. एकच पिक्चर आठवडाभर पाही. मी एकदा विचारले की पिक्चर कसा आहे, तर म्हणाला, "पायतो कोण? बसून राहिलो."

असे दोन महिने गेले. मग एका परिचिताने मला सांगितले की भिलाई-३ वस्तीच्या पुढे, रुळांच्या बाजूला, सायकल आडवी टाकून नामदेव बसला होता. गाडी गेली तरी उठला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला टोकले. काम विचारायला गेलो होतो, थकलो म्हणून बसलो, असे तो म्हणाला. तसे असेलही. माझा विश्वास बसला नाही.

त्याच आठवड्यात तो पिक्चर आला. नाव सांगत नाही. मोठा नट नव्हता, गाणी दोनच, मोठ्या शहरांत पडद्यावरून कधीच उतरलेला. गुरुवारी पेटी आली की आम्ही रीळ हाताने उलगडून तपासत असू. कुठे फाटले आहे, कुठला जोड सुटत आला आहे, ते बोटाला कळते. बल्बसमोर धरून मधूनमधून चित्रही पाहत असू. पंधरा रिळांचा पिक्चर होता. गिरणीतला माणूस, नोकरी जाते, घरी सांगत नाही. बायको दुसऱ्यांची शिलाई करते, म्हातारा बाप खाटेवर, पोरगी शाळेत. चौदावे रीळ संपते तेव्हा बायकोला धुवायच्या सदऱ्यात गिरणीचा कागद सापडतो. ती काही बोलत नाही, ताट वाढते. पंधराव्या रिळात तो माणूस पहाटे उठून रुळांकडे जातो.

मी ते रीळ गुंडाळून पेटीत वेगळे ठेवले.

धंद्याची रीत अशी की पेटीत जे आले ते दाखवायचे. एखादे गाणे कापून शो आटोपता घेणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत आणि त्यांना तोंडावर चोर म्हटले आहे. पण पंधरा रिळांचे गणित पाहा. दोन-दोनच्या सात जोड्या होतात आणि पंधरावे एकटे उरते. ते चढवलेच नाही, तर कुठे कात्री लावावी लागत नाही. शुक्रवारी बाराच्या शोला मी ते पेटीतच ठेवले. सातवी जोडी संपली, बायकोने ताट वाढले, आणि मी काचेची स्लाइड लावली. आमच्याकडे दोनच स्लाइडी होत्या. एकीवर धूम्रपान मना आणि दुसरीवर "धन्यवाद, फिर पधारिए". नामदेव उठला आणि इतरांसोबत बाहेर गेला. मला वाटले, जमले.

रोज बाराला असेच, पण तीन, सहा आणि नऊच्या शोला मी पंधराच्या पंधरा रिळे लावली. त्या प्रेक्षकांना फसवायचे मला कारण नव्हते.

एका गावात एकाच पिक्चरचे दोन शेवट दाखवले तर काय होते, याचा विचार मी केला नव्हता. कैंप म्हणजे दाट वस्ती. एका घरात पातेले पडले तर तिसऱ्या घरात कळते. शनिवारी संध्याकाळपासून पानठेल्यावर वाद सुरू झाला. बाराला पाहिलेले म्हणत की शेवटी जेवतो, सहाला पाहिलेले म्हणत की गाडीखाली कटतो. "आँख खोल के देखा कर, साला सोता है वहाँ," असे एकमेकांना ऐकवू लागले. दोघे भांडून पुन्हा एकत्र पिक्चर पाहायला आले, तेही तीनला, आणि त्यातला बाराला पाहिलेला अजून मला पाहिले की संशयाने बघतो. हा वाद प्लँटवाल्यांच्या सेक्टरांपर्यंत पोचला. वसंतराव तो चित्रपट पाहायला कैंपात आले ते याच कारणाने. आपल्या लेखात त्यांनी कलेची ओढ असे लिहिले आहे. असो.

मॅनेजरने मला बोलावले. मी सांगितले की दुपारच्या उन्हात शेवटच्या रिळाचा जोड सुटतो, म्हणून जपून वापरतो. त्यांनी त्याचे पुढे जळाले असे केले. त्यांना मशीनमधले काही कळत नसे, आणि मी त्याचा फायदा घेतला हे कबूल करतो.

मंगळवारी बाराला मी झरोक्यातून पाहिले, तर चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती.

पहिल्या जोडीला वाटले, उशीर झाला असेल. तिसऱ्या जोडीला माझे हात काड्या सरकवत होते आणि डोके भिलाई-३ च्या रुळांवर होते. ऑपरेटरला शो सोडून जाता येत नाही. आग लागली तरी आधी मशीन बंद करायचे, मग पळायचे. इंटरव्हलमध्ये गेटकीपरला विचारले, त्याने मान हलवली. सातवी जोडी निम्मी झाली असेल, तेव्हा केबिनच्या लोखंडी जिन्यावर पावले वाजली. दारात कौसल्यावहिनी उभ्या होत्या, नामदेवची बायको. माझ्या एकतीस वर्षांत त्या केबिनमध्ये आलेली ती एकच बाई. धापा टाकत होत्या.

मी विचारले, "नामदेव?"

"घरी हायेत. निजून हायेत," त्या म्हणाल्या.

मशीनच्या आवाजात त्यांनी जे सांगितले ते असे. आदल्या दिवशी गल्लीतल्या बायांबरोबर त्या तीनचा शो पाहून आल्या. संध्याकाळी जेवताना नवऱ्याला गोष्ट सांगत होत्या, आणि शेवटी बिचारा मरतो म्हणून त्यांचे डोळे भरले. नामदेव हसला. म्हणाला, मरत नाही, बायको ताट वाढते तिथेच खतम होते. त्या म्हणाल्या, मी आताच पाहून आले. तो म्हणाला, मी चारदा पाहिला. मग त्याचा घास हातातच राहिला.

"म्या विचारलं, तुमी कवा पायला? डूटी सोडून?" वहिनी सांगत होत्या. "ताट बाजूले सरकवलं. मंग सारं सांगतलं. दोन महिन्याचं. पन पिक्चरचं कोनाचं खरं, ते इचाराले आली."

सातवी जोडी संपत आली होती. ठिपका आला तरी मला दुसरे मशीन सुरू करायचे नव्हते. पडद्यावरच्या बाईने ताट वाढले, मी उजेड बंद केला आणि स्लाइड लावली. खाली लोक उठू लागले. वहिनी ते सगळे पाहत होत्या. मग त्यांचे लक्ष उघड्या पेटीकडे गेले, तिच्यात एकच रीळ उरले होते.

"हाच का तो? याच्यातच मरते का तो मानूस?"

मी हो म्हणालो.

"कावून नाही लावला?"

मी रुळांची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक नव्हती. त्यांनी पेटीचे झाकण खाली टाकले. मला वाटले रडतील, निदान आभार तरी मानतील. पण त्या माझ्याकडे वळल्या.

"म्हंजे तुमालेबी मालूम होतं. भाऊजी, तुमच्या न् आमच्या घरात एकच भिंत हाये. दोन महिने मी त्याईले डबा देऊन राहिली, अन् तुमी इथं बसून पायत होते. त्याईनं मले सांगतलं नाही ते नाही, तुमी कावून नाही सांगतलं?"

नामदेवने नको म्हटले होते, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या की रुळाजवळ बसल्याचे कळले तेव्हा तरी सांगायचे होते, त्याऐवजी तुम्ही रीळ लपवले.

मी आयुष्यात पुष्कळ वाद घातले आहेत आणि बहुतेक जिंकले आहेत. हा मी हरलो. मी दहा पावले चालून शेजारच्या दारात जायला हवे होते. त्याऐवजी मी पिक्चरचा शेवट बदलला. कारण तेवढेच मला येत होते.

जाताना जिन्यावर थांबून त्या म्हणाल्या, "उद्या आमी दोघंबी येतो, बाराले. पूरा लावा."

मी म्हणालो की वहिनी, शेवट वाईट आहे.

"मले मालूम हाये. मी बाजूले राहीन न."

बुधवारी ती दोघे आली. नामदेवने धुतलेला सदरा घातला होता आणि डबा वहिनींच्या हातात होता. चौथ्या रांगेत कडेला तो, शेजारी त्या. वर बाल्कनीत वसंतराव असणार, मला त्यांची खबर नव्हती. पंधरावे रीळ मी सकाळीच पुसून घेतले होते आणि सहावी जोडी संपताच दुसऱ्या मशीनवर चढवून ठेवले होते. बाराच्या शोला त्या पिक्चरचा सांधा त्या जागी मी पहिल्यांदाच घेणार होतो.

सातवी जोडी सरत आली. त्या बाईने सदऱ्यातला कागद काढला. मी झरोक्यातून पडद्याकडे पाहायला हवे होते, पण चौथ्या रांगेकडे पाहत होतो. पडद्याच्या उजेडात दोन डोकी दिसत होती, एक ताठ आणि एक किंचित कललेले. पहिला ठिपका येऊन गेला असणार. दुसराही गेला असणार. एकदम सगळे सभागृह उजळले, चौथी रांग दिवसासारखी स्वच्छ दिसू लागली, आणि मला वाटले की किती छान दिसत आहे. मग शिट्ट्या ऐकू आल्या. माझे नाव घेऊन कोणीतरी ओरडले. रीळ संपले होते, दिवा जळत होता, आणि पडदा पांढरा पडला होता.

वसंतराव, तो हा पांढरा पडदा. पाच सेकंद असेल, सहा असेल. एकतीस वर्षांत असे एकदाच. ती माझी चूक आणि तिची पूर्ण जबाबदारी माझी. फक्त तिला दारूचे नाव देऊ नका.

मी धावत दुसरे मशीन सुरू केले, उजेड दिला. पंधरावे रीळ सुरू झाले. पहाट, धुके, रुळांकडे जाणारा माणूस. माझा हात ज्योतीपाशी होता, काडी सरकवायचे सुचत नव्हते आणि चित्र मंद होत चालले होते. तेवढ्या मंद उजेडात मी पाहिले की वहिनींनी मांडीवर डबा उघडला. इंटरव्हलमध्ये तो त्यांनी उघडला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. झाकण नामदेवच्या हातात दिले आणि त्यात भाकर ठेवली. तो पडद्याकडे पाहत होता. त्यांनी कोपराने त्याला ढोसले. त्याने मान खाली घातली आणि खायला लागला. पुढे पडद्यावर गाडी आली, शिट्टी वाजली, बायाबापड्या हुंदके देऊ लागल्या, आणि ती दोघे खाली मान घालून एकाच डब्यातून जेवत होती. मध्येच त्या काहीतरी म्हणाल्या आणि तो हसला. केबिनमधून बोलणे ऐकू येत नाही. मी काडी पुढे सरकवली.

नामदेव त्याच महिन्यात भिलाई-३ ला रेल्वेच्या ठेकेदाराकडे लागला. चिमट्यावरच्या माणसाला रुळांखालचे स्लीपर उचलायचे काम, म्हणजे हाताचा अपमान. पण तो गेला, आणि रोज सांगून गेला. वहिनींनी पुढे एका शाळेत स्वयंपाकाचे काम धरले. माझ्याशी त्या वर्षभर बोलल्या नाहीत. मग एके दिवशी भिंतीवरून भाजीची वाटी आली.

टॉकीज काही वर्षांनी बंद झाली. दोन्ही मशीने भंगारवाल्याने हातोड्याने फोडून नेली, कारण दारातून अखंड निघत नव्हती. मला दुपारी एकला सांगण्यात आले आणि मी दीडला घरी पोचलो. बायकोला दारातच म्हणालो, "माही नोकरी गेली." चप्पलही काढली नव्हती. पुढची तीन वर्षे मी लग्नांत जनरेटर सांभाळले. त्याबद्दल कोणी लेख लिहिणार असेल तर मला विचारून लिहावा.

स्लाइड मात्र मी वाचवली. "फिर पधारिए" ची काच घरी ट्रंकेत आहे, एका कोपऱ्याला टवका गेलेला.

नामदेव आता माझ्यासारखाच म्हातारा झाला. संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर बसतो. तरुण पोरे हिंदीत बोलतात, आम्ही मराठीत भांडतो. कधी त्या पिक्चरचा विषय निघतो. वहिनी दारातून म्हणतात की तो मरतो. पानठेल्यावरचे म्हणतात मरतो, वसंतरावांनीही लेखात तसेच लिहिले आहे. नामदेव त्या बुधवारी पूर्ण पंधरा रिळे बसून होता, तरी तो मान हलवतो.

"नाही मरत," तो म्हणतो. "म्या पाचदा पायला. बायको वाढते अन् तो जेवते. इचारा याले, यानंच लावला."

मग सगळे माझ्याकडे पाहतात. भिलाईत माझ्यासमोर चुकीची हकिगत सांगून कोणी सुटलेला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मी तंबाखू झटकतो आणि सांगतो की नामदेव म्हणतो ते बरोबर आहे.